कर्नल कंपाइल केल्यानंतर लॅपटॉपचे नेटवर्क कार्ड दिसेनासे झाले, तर नेमके काय तपासावे

आपला प्रश्न मी समजलो तो असा. आपल्या लॅपटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आहे आणि त्यासोबत आलेल्या ६.१ या कर्नलवर (म्हणजे हार्डवेअर सांभाळणाऱ्या तिच्या गाभ्यावर) वायफाय आणि केबल दोन्ही व्यवस्थित चालत होते. आपण ६.१२ चा मूळ सोर्स उतरवून घेतलात, लॅपटॉप मंद असल्यामुळे कंपाइल करण्याचे काम महाविद्यालयातल्या वेगवान डेस्कटॉपवर केलेत, वेळ वाचावा म्हणून ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ वापरलेत आणि तयार झालेला कर्नल लॅपटॉपवर आणून बसवलात. आता मशीन सुरू होते, लॉगिनही होते, परंतु ‘आयपी लिंक’ ही कमांड दिल्यावर ‘एलओ’ (मशीनचा स्वतःशीच बोलण्याचा अंतर्गत इंटरफेस) सोडून एकही इंटरफेस दिसत नाही. कार्ड जळाले असावे का, आणि सगळी सिस्टीम पुन्हा बसवावी का, असे आपण विचारले आहे. (कमांडची आणि फाइलींची नावे मी येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे, टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच द्यावी.)

कार्ड जळाले असण्याची शक्यता फार कमी आहे, आणि सिस्टीम पुन्हा बसवण्याची तर मुळीच गरज नाही. तरीही ही पहिली शंका दहा मिनिटांत कायमची मिटवता येते, म्हणून ती आधी मिटवावी. ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना कर्नल निवडू देणाऱ्या, मेनूमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर डेबियन’ या ओळीत जाऊन जुना ६.१ कर्नल निवडा. त्यावर नेटवर्क चालले, तर कार्ड, अँटेना, केबल, राउटर आणि आपली पासवर्डची नोंद हे सगळे एकदमच निर्दोष ठरते, आणि दोष नव्या कर्नलच्या जडणघडणीत आहे हे नक्की होते. जुन्या कर्नलवरही कार्ड दिसले नाही, तर मात्र वाट वेगळी आहे. मशीनवर विंडोजही असेल, तर तिथला ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, कारण त्यात विंडोज पूर्णपणे बंद होत नाही आणि कार्ड अर्धवट अवस्थेत सोडून देते. मग लॅपटॉप रीस्टार्ट न करता पूर्ण बंद करून, चार्जर काढून, थोड्या वेळाने सुरू करा. यापुढचे विवेचन जुन्या कर्नलवर नेटवर्क चालते आहे असे धरून केले आहे.

आता आपल्याला पडलेला, पण प्रश्नात न आलेला एक मुद्दा. डिस्क सापडते, कीबोर्ड चालतो, पडद्यावर चित्र येते. मग नेटवर्कच का जाते? याचे उत्तर समजले की पुढचा अर्धा शोध सोपा होतो. आजच्या बहुतेक डिस्क एनव्हीएमई किंवा एएचसीआय या ठरलेल्या मानकाप्रमाणे बोलतात, त्यामुळे डेस्कटॉपची डिस्क एका कंपनीची आणि लॅपटॉपची दुसऱ्या कंपनीची असली तरी एकच ड्रायव्हर दोन्हीकडे चालतो. कीबोर्डचेही तसेच आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नसला, तरी बूट होताना यूईएफआयने (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामने) तयार करून दिलेल्या साध्या फ्रेमबफरवर (चित्रासाठी राखलेल्या स्मृतीवर) चित्र दिसत राहते. नेटवर्क कार्डांना असे कोणतेही सामाईक मानक नाही. प्रत्येक चिपकुळाला स्वतःचा ड्रायव्हर लागतो, आणि वायफायच्या बाबतीत त्यावर स्वतःचे फर्मवेअरही (कार्डाच्या आत चालणारा प्रोग्रामही) लागते. म्हणून कर्नलच्या कॉन्फिगमधून (त्यात काय काय बांधायचे त्या यादीतून) एखादी गोष्ट निसटली, की तिचा फटका सर्वांत आधी नेटवर्कला बसतो.

आपल्या बाबतीत संशयाची पहिली जागा ‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही आहे. ही सोय २.६.३२ या आवृत्तीपासून कर्नलच्या सोर्समध्ये आहे. ती ‘एलएसमॉड’ची यादी वाचते, म्हणजे त्या क्षणी त्या मशीनवर जी मॉड्यूल (कर्नलला गरजेप्रमाणे जोडले जाणारे तुकडे, बहुतेक ड्रायव्हर) चढलेली आहेत तेवढीच ठेवते आणि बाकीची हजारो मॉड्यूल कॉन्फिगमधून काढून टाकते. आपण ती डेस्कटॉपवर चालवलीत, तेव्हा तिने डेस्कटॉपचे हार्डवेअर पाहिले. त्या डेस्कटॉपला वायफाय कार्डच नसेल, तर कर्नलमधून वायफायचे सगळे ड्रायव्हर गेले. त्याचे केबलचे कार्ड इंटेलचे आणि लॅपटॉपचे रिअलटेकचे असेल, तर केबलही गेली. हे सर्वांत संभाव्य कारण आहे, पण एकमेव नाही, आणि तपासल्याशिवाय पुन्हा कंपाइल करायला बसू नये असा माझा आग्रह आहे. कारण दुसरी चूकही सोबत असेल, तर दोन तास खर्च करून आपण पुन्हा त्याच जागी येऊन उभे राहतो आणि पहिली दुरुस्ती बरोबर होती की नव्हती हेही कळत नाही.

नव्या कर्नलवर बूट करून ‘एलएसपीसीआय’ ही कमांड ‘-एनएनके’ या पर्यायासह द्या. नेटवर्क कार्डाच्या ओळीत चौकोनी कंसात दोन क्रमांक दिसतील, पहिला कंपनीचा आणि दुसरा चिपचा. इंटेलचा क्रमांक ८०८६ आहे, म्हणजे त्यांच्या १९७८ च्या प्रोसेसरचाच आकडा. रिअलटेकचा १०ईसी, ब्रॉडकॉमचा १४ई४ आणि अ‍ॅथेरॉसचा १६८सी. उदाहरणार्थ, ८०८६:२७२३ म्हणजे इंटेलचे एएक्स२०० हे वायफाय कार्ड. हा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. यापुढे कार्डाच्या डब्यावरच्या नावापेक्षा हाच महत्त्वाचा आहे, कारण कर्नल कार्डाला याच क्रमांकाने ओळखतो. कार्डाची ओळ दिसते आहे, परंतु तिच्याखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ नाही, असे असेल तर कार्ड जागेवर आहे आणि त्याला वाली मिळालेला नाही, असा अर्थ होतो. तीच कमांड जुन्या कर्नलवर देऊन दोन्ही निकाल शेजारी ठेवले, की कोणता ड्रायव्हर हरवला आहे त्याचे नावच समोर येते.

वाली मिळण्याची क्रिया कशी होते ते थोडे सविस्तर सांगतो, कारण इथेच तीन वेगवेगळ्या चुका एकसारख्या दिसतात. कर्नलला पीसीआय बसवर कार्ड सापडले, की तो त्या क्रमांकांची एक लांबलचक ओळ तयार करतो. तिला मॉडअलायस म्हणतात. युडेव्ह (नवे हार्डवेअर दिसले की कामाला लागणारी सेवा) ती ओळ उचलून ‘मॉडप्रोब’च्या हाती देतो. मॉडप्रोब ‘/लिब/मॉड्यूल्स’ या फोल्डरमध्ये, चालू कर्नलच्या नेमक्या नावाच्या उपफोल्डरात जाऊन, ‘मॉड्यूल्स.अलायस’ ही फाइल वाचतो आणि ती ओळ कोणत्या मॉड्यूलची आहे ते शोधून ते मॉड्यूल चढवतो. ही फाइल ‘डेपमॉड’ने तयार केलेली असते. तेव्हा मॉड्यूल मुळात तयारच झालेले नसेल, किंवा तयार झाले पण ज्या नावाचा कर्नल चालू आहे त्या नावाच्या फोल्डरात नसेल, किंवा फोल्डरात आहे पण डेपमॉड चाललेला नसेल, तर तिन्ही वेळा बाहेरून दिसणारा परिणाम एकच: ड्रायव्हरची ओळ नाही, इंटरफेस नाही.

यांतला भेद करण्यासाठी आधी ‘युनेम -आर’ देऊन चालू कर्नलचे पूर्ण नाव पाहा आणि ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये तंतोतंत त्याच नावाचा फोल्डर आहे का ते पाहा. तंतोतंत हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. सोर्स गिटमधून घेतला असेल आणि ‘लोकलव्हर्जन_ऑटो’ हा पर्याय चालू असेल, तर नावाच्या शेवटी कमिटचा तुकडा किंवा ‘-डर्टी’ अशी शेपटी लागते. शेपटीत एका अक्षराचा फरक असला तरी मॉडप्रोबच्या दृष्टीने तो वेगळा कर्नल असतो. आपल्या बाबतीत मला आणखी एक शंका आहे. डेस्कटॉपवर ‘मेक मॉड्यूल्स_इन्स्टॉल’ दिले असेल, तर मॉड्यूल डेस्कटॉपच्याच ‘/लिब/मॉड्यूल्स’मध्ये गेली आणि लॅपटॉपवर केवळ कर्नलची प्रतिमा आणि इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा लहान संच) एवढेच आले. अशा वेळी मशीन सुरू होते, कारण डिस्क आणि फाइलसिस्टीमची मॉड्यूल इनिट्रॅमएफएसमध्ये असतात. पण खरी डिस्क जोडल्यानंतर पुढचे काहीच सापडत नाही. फोल्डरच नसेल तर हेच घडले आहे असे समजावे, आणि तेव्हा ‘एलएसमॉड’ची यादीही अगदी आखूड दिसेल.

फोल्डर असेल, तर ‘मॉडइन्फो’ला हरवलेल्या ड्रायव्हरचे नाव द्या. त्याने माहिती दाखवली, तर मॉड्यूल आहे. ‘डेपमॉड -ए’ चालवून मॉडप्रोबने हाताने चढवून पाहा. ‘मॉड्यूल नॉट फाउंड’ असे उत्तर आले, तर ते तयारच झालेले नाही आणि दोष कॉन्फिगचा आहे.

कॉन्फिगच्या दोषातही एक फसवा प्रकार आहे, ज्यात माझा स्वतःचा एक पूर्ण दिवस गेला होता. इंटेलच्या वायफायसाठी मी कॉन्फिगमध्ये ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ निवडले होते. एलएसपीसीआयमध्ये ‘ड्रायव्हर इन यूज: आयडब्ल्यूएलवायफाय’ अशी ओळ स्वच्छ दिसत होती, म्हणून ड्रायव्हर ठीक आहे असे धरून मी फर्मवेअर, राउटर आणि नेटवर्कमॅनेजर यांच्यामागे धावत राहिलो. प्रत्यक्षात आयडब्ल्यूएलवायफाय हा केवळ खालचा थर आहे. तो कार्डाशी पीसीआयवरून बोलतो. वायफायचे खरे काम त्याच्यावरचा दुसरा मॉड्यूल करतो: जुन्या कार्डांसाठी ‘आयडब्ल्यूएलडीव्हीएम’, आणि ७२६० व त्यानंतरच्या कुळांसाठी ‘आयडब्ल्यूएलएमव्हीएम’. मी दुसरा निवडलाच नव्हता. मेनूकॉन्फिगमध्ये (कॉन्फिग निवडण्याच्या मेनूत) त्या ठिकाणी या दोहोंपैकी एकाशिवाय आयडब्ल्यूएलवायफाय निरुपयोगी आहे असा स्पष्ट इशारा लिहिलेला असतो, आणि मी तो वाचला नव्हता. तेव्हापासून मी ‘ड्रायव्हर इन यूज’ या ओळीला पुरावा मानतो, पण अंतिम पुरावा मानत नाही. वरच्या थरांत ‘मॅक८०२११’ आणि ‘सीएफजी८०२११’ हे दोन मॉड्यूलही लागतात. मात्र ते कॉन्फिगमध्ये असले, तर ड्रायव्हर चढताना त्याच्यासोबत आपोआप चढतात.

केबलच्या रिअलटेक कार्डांतही असेच जोडीचे प्रकरण आहे. आर८१६९ हा ड्रायव्हर ‘रिअलटेक’ नावाच्या वेगळ्या फाय-मॉड्यूलवर (केबलवरचे संकेत सांभाळणाऱ्या चिपभागाच्या मॉड्यूलवर) अवलंबून असतो. इनिट्रॅमएफएसमध्ये आर८१६९ आहे पण रिअलटेक नाही, अशी स्थिती झाली, तर कर्नल लॉगमध्ये तसे सांगतो आणि कार्ड सुरू करण्याचे नाकारतो. असा संदेश दिसला, तर कार्डाला दोष देऊ नये. इनिट्रॅमएफएस नव्याने तयार करावे.

ड्रायव्हर पूर्ण चढला आणि तरीही वायफायचा इंटरफेस नाही, तर फर्मवेअरकडे वळावे. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलचा लॉग दाखवणाऱ्या कमांडच्या निकालात) कार्डाच्या ड्रायव्हरचे नाव शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड ... फेल्ड विथ एरर -२’ अशी ओळ दिसेल. यातला उणे दोन हा आकडा फाइल सापडली नाही एवढेच सांगतो. इथे घाई करू नये. इंटेलचा ड्रायव्हर सर्वांत नव्या क्रमांकाची फाइल आधी मागतो आणि ती नसेल तर एकेक क्रमांक खाली उतरतो. त्यामुळे अशा चार-पाच ओळी येऊन शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ आली असेल, तर सर्व ठीक आहे. ती शेवटची ओळ नसेल तेव्हाच चिंता करावी. जुन्या कर्नलवर वायफाय चालत होते, म्हणजे ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’ हे पॅकेज आपल्याकडे आहे. नव्या मशीनवर मात्र ते घेण्यासाठी डेबियन १२ मध्ये ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा स्वतंत्र विभाग सोर्स लिस्टमध्ये असावा लागतो. ‘रेग्युलेटरी.डीबी’ सापडली नाही ही ओळही अनेकांना घाबरवते. तिच्यामुळे काही चॅनेलवर निर्बंध येऊ शकतात, पण कार्ड नाहीसे होत नाही. ‘वायरलेस-रेगडीबी’ हे पॅकेज बसवून पुढे जावे.

फर्मवेअर डिस्कवर असूनही मिळत नाही, अशा दोन परिस्थिती असतात. ड्रायव्हर मॉड्यूल न ठेवता कर्नलच्या पोटातच बसवला असेल, म्हणजे कॉन्फिगमध्ये ‘एम’ऐवजी ‘वाय’ दिले असेल, तर तो मुख्य डिस्क जोडली जाण्याआधीच जागा होतो आणि फर्मवेअर मागतो. त्या क्षणी ‘/लिब/फर्मवेअर’ अस्तित्वातच नसते. म्हणून वायफायचे ड्रायव्हर नेहमी मॉड्यूल म्हणूनच ठेवावेत, असे माझे ठाम मत आहे. दुसरी परिस्थिती फेडोरा किंवा आर्च वापरणाऱ्यांची आहे. तिथे फर्मवेअरच्या फाइली दाबून ठेवलेल्या असतात, आणि कर्नलच्या कॉन्फिगमध्ये ‘एफडब्ल्यू_लोडर_कॉम्प्रेस’ व त्या त्या दाबपद्धतीचा पर्याय नसेल, तर फाइल डोळ्यांसमोर असून कर्नलला दिसत नाही. डेबियन १२ मध्ये हा प्रश्न येत नाही.

कार्ड ब्रॉडकॉमचे असेल आणि ‘डब्ल्यूएल’ हा ड्रायव्हर लागत असेल, तर वरचे बरेच विवेचन लागू होत नाही, कारण तो ड्रायव्हर कर्नलच्या सोर्समध्ये नाहीच. तो डीकेएमएसद्वारे (बाहेरची मॉड्यूल बांधणाऱ्या साधनाद्वारे) प्रत्येक कर्नलसाठी वेगळा बांधावा लागतो, आणि त्यासाठी नव्या कर्नलची हेडर फाइलींची जोड लॅपटॉपवर असावी लागते. सिक्युअर बूट (सही असलेलेच सॉफ्टवेअर बूट होऊ देणारी सोय) चालू असेल तर अशा मॉड्यूलवर सहीही लागते. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असे उत्तर आले, तर सहीचाच प्रश्न आहे असे समजावे.

काही वेळा इंटरफेस दिसतो, पण जोडणी होत नाही. आपला प्रश्न हा नसला, तरी कंपाइल दुरुस्त केल्यावर कदाचित आपण इथे याल, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘आरएफकिल लिस्ट’ (वायफाय बंद आहे की चालू ते दाखवणारी कमांड) पाहा; ‘हार्ड ब्लॉक्ड’ असेल तर लॅपटॉपच्या वायफायच्या कळीशी बोलणारे मॉड्यूल, जसे की थिंकपॅड_एसीपीआय, एचपी_डब्ल्यूएमआय किंवा आयडियापॅड_लॅपटॉप, जुन्या कर्नलवर होते आणि नव्यावर नाही, असे असू शकते. केबल जोडली आहे, दिवा लागला आहे, पण पत्ता मिळत नाही आणि डीएचसीपी क्लायंट (नेटवर्कवर पत्ता मागणारा प्रोग्राम) ‘कॉन्फिग_पॅकेट’ची तक्रार करतो, तर तो पर्याय कॉन्फिगमधून गेला आहे. इंटरफेसचे नाव बदलले असेल, तर ‘/ईटीसी/नेटवर्क/इंटरफेसेस’मधली जुनी नोंद निरर्थक होते; नव्या नावाप्रमाणे ती बदलावी.

आता दुरुस्ती. ती जुन्या कर्नलवर बूट करून करावी, कारण तिथे इंटरनेट आहे. नव्या कर्नलवर मोबाइलचे यूएसबी टेदरिंग वापरू, असे अनेकांना वाटते, पण त्यालाही ‘आरएनडीआयएस_होस्ट’ किंवा ‘सीडीसी_ईथर’सारखे मॉड्यूल लागते आणि तेही याच यादीतून गेलेले असते.

लॅपटॉप जुन्या कर्नलवर असताना वायफाय चालू करा, केबल लावा, मोबाइल टेदरिंगसाठी जोडा, पेनड्राइव्ह, ब्लूटूथ, कॅमेरा, प्रोजेक्टरचा अ‍ॅडॉप्टर असे आपण वर्षभरात जे जे वापरता ते सगळे एकदा जोडून चालवा, आणि मग ‘एलएसमॉड’चा निकाल एका फाइलमध्ये साठवा. ती फाइल आणि ‘/बूट’मधली ६.१ ची कॉन्फिग फाइल, या दोन्ही डेस्कटॉपवर न्या. कॉन्फिग फाइल सोर्सच्या फोल्डरात ‘.कॉन्फिग’ या नावाने ठेवा आणि ‘मेक एलएसमॉड=’ यापुढे त्या यादीच्या फाइलचा पूर्ण पत्ता देऊन ‘लोकलमॉडकॉन्फिग’ चालवा. आता ते डेस्कटॉपकडे न पाहता लॅपटॉपची यादी पाहील. आधीची आणि नंतरची कॉन्फिग ‘स्क्रिप्ट्स/डिफकॉन्फिग’ने ताडून पाहा आणि आपल्या कार्डाच्या ड्रायव्हरची सगळी नावे टिकली आहेत याची खात्री करा. डेबियनची कॉन्फिग वापरताना ‘सिस्टीम_ट्रस्टेड_कीज’ या ओळीत डेबियनच्या प्रमाणपत्राचा पत्ता असतो. ती फाइल आपल्याकडे नसल्याने कंपाइल मध्येच थांबते. तो पत्ता रिकामा करावा.

पहिल्याच प्रयत्नात मात्र मी आपल्याला लोकलमॉडकॉन्फिग वापरू नका असेच सुचवीन. जुनी कॉन्फिग जशीच्या तशी घेऊन ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या आणि डीबग माहिती तेवढी बंद करा. वेळ आणि डिस्कवरची जागा यांचा मोठा वाटा तीच खाते. न चढलेली मॉड्यूल डिस्कवर पडून असतात, रॅम अडवत नाहीत, त्यामुळे ती काढून टाकण्याने चालू मशीनला काहीही वेग मिळत नाही. पूर्ण कॉन्फिगवर नेटवर्क चालले, की मग कापाकापी करावी. म्हणजे काही बिघडलेच, तर ते कापण्यामुळे बिघडले हे आपल्याला ठाऊक असेल.

कंपाइलसाठी ‘मेक बाइनडेब-पीकेजी’ वापरा. त्याने डेबियनची पॅकेजेस तयार होतात, ज्यांत कर्नल आणि त्याची मॉड्यूल एकत्र असतात. लॅपटॉपवर ‘डीपीकेजी -आय’ने बसवताना डेपमॉड, इनिट्रॅमएफएस आणि ग्रबची नोंद ही तिन्ही कामे आपोआप होतात. अर्धे सामान डेस्कटॉपवर राहून जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

बसवल्यानंतर जुना कर्नल लगेच काढू नका. नव्या कर्नलवर नेटवर्क जोडले गेले, की लॅपटॉपचे झाकण मिटून मशीन झोपवा आणि काही वेळाने उघडून नेटवर्क परत येते का ते पाहा, कारण लॅपटॉपवर कार्डाची खरी परीक्षा झोपेतून उठताना होते. ते परत आले नाही, तर ‘मॉडप्रोब -आर’ने आयडब्ल्यूएलएमव्हीएम आणि आयडब्ल्यूएलवायफाय उतरवून आयडब्ल्यूएलवायफाय पुन्हा चढवा, आणि त्या क्षणी डीमेसेजमध्ये उमटलेल्या ओळी, एलएसपीसीआयमधल्या त्या क्रमांकासह, मला कळवा.